पेशीबाहेर आलेला चीक: प्युरिनर्जिक संदेश आणि मेंदूचे आजार (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मी जळगाव जिल्ह्यात फार्मसीच्या मुलांना औषधशास्त्र शिकवते. माहेर रावेर तालुक्यातलं, केळीवाल्यांचं. वर्गातल्या मुलांपासून ते ज्येष्ठ नागरिकांच्या कट्ट्यावरच्या काकांपर्यंत या विषयावर जे जे विचारतात, त्यातले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. गोळी चालू-बंद करणं तुमच्या डॉक्टरांचं काम, हे एकदाच सांगते आणि पुढे जाते.

प्युरिनर्जिक म्हणजे काय? नाव ऐकूनच घाबरायला होतं.

नाव बाजूला ठेवा आणि केळीचा घड कापताना आठवा. कोयता बसला की दांड्यातून पाण्यासारखा चीक ठिबकायला लागतो. कपड्यावर पडला की सुरुवातीला काही दिसत नाही, वाळला की काळपट डाग, आणि तो डाग कुठल्याही साबणाला दाद देत नाही. आमच्याकडे घड कापणाऱ्या माणसाचा शर्ट त्या डागांवरूनच ओळखू येतो. झाडाच्या आत चीक असणं रोजचंच. तो बाहेर दिसला म्हणजे कुठंतरी कापलं गेलंय.

एटीपीचं असंच आहे. शाळेत आपण एटीपी म्हणजे पेशीचं इंधन एवढंच शिकलो, आणि ते बरोबरच आहे. पण पेशीच्या आत ते जेवढं असतं, त्याच्या लाखो पटींनी कमी ते पेशीच्या बाहेर असतं. म्हणून बाहेर जरा जरी एटीपी सांडलं तरी शेजारच्या पेशींना लगेच कळतं. त्यांच्या अंगावर ते ओळखणारे रिसेप्टर बसलेले असतात. एटीपी, एडीपी आणि ॲडेनोसिन हे सगळे प्युरिन घराण्यातले रेणू. त्यांच्यामार्फत चालणारी ही बोलाचाली म्हणजे प्युरिनर्जिक संदेशवहन.

चिकाची उपमा इथवरच. केळीचं झाड मुद्दाम चीक सोडत नाही. मज्जापेशी मात्र एटीपी मुद्दामसुद्धा सोडतात, इतर संदेशद्रव्यांच्या जोडीनं, बारीक पिशव्यांतून. म्हणजे एटीपी जखमेची खबरही देतं आणि रोजच्या गप्पांतही असतं. या विषयातली निम्मी गुंतागुंत त्यामुळेच आहे.

एटीपी आणि ॲडेनोसिन एकच का?

नाही, आणि हा फरक नीट धरून ठेवा, पुढचं सगळं त्यावर उभं आहे. बाहेर आलेल्या एटीपीचे तुकडे करणारी एन्झाइम पेशींच्या पृष्ठभागावरच असतात. एटीपीचं एडीपी, मग एएमपी, शेवटी ॲडेनोसिन. एटीपी बहुतेक वेळा आरोळी ठोकतं: धावा, इकडे काहीतरी झालंय. त्याचंच मोडून झालेलं ॲडेनोसिन बऱ्याच ठिकाणी म्हणतं, बस झालं, आता शांत व्हा.

ॲडेनोसिन किती क्षणिक असतं ते आयसीयूत दिसतं. एका प्रकारच्या अतिवेगवान ठोक्यांवर ते शिरेतून झटकन देतात. छातीवर दडपण येतं, मॉनिटरवरची रेघ क्षणभर सपाट होते, नातेवाइकांचा जीव वर-खाली होतो आणि काही सेकंदांत सगळं संपतं. रक्तात त्याचं अर्धायुष्य दहा सेकंदांपेक्षाही कमी.

हे शोधलं कोणी?

१९२९ हे वर्ष या विषयासाठी मोठं गमतीचं. त्या वर्षी जर्मनीत कार्ल लोमान यांनी एटीपी शोधलं. अमेरिकेत हार्वर्डमध्ये फिस्के आणि आपले भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव यांनीही ते स्वतंत्रपणे शोधलं. (सुब्बारावांचं नाव आमच्या मुलांना परीक्षेपुरतंही माहीत नसतं, याचं मला दरवर्षी वाईट वाटतं.) त्याच वर्षी ड्रुरी आणि सेंट-ग्यॉर्गी यांनी दाखवलं की ॲडेनिनची संयुगं हृदयाचे ठोके मंदावतात. आणि ज्यानं हा सगळा विषय उभा केला त्या जेफ्री बर्नस्टॉक यांचा जन्मही १९२९चाच, लंडनमधला.

बर्नस्टॉक मेलबर्नमध्ये गिनी पिगच्या आतड्याचे स्नायू तपासत होते. ओळखीची दोन्ही संदेशद्रव्यं औषधांनी अडवली, तरी मज्जातंतूला झटका दिला की स्नायू सैल पडायचा. म्हणजे तिसरं काहीतरी होतं. ते एटीपी असावं असं त्यांनी १९७० साली मांडलं आणि १९७२ साली ‘प्युरिनर्जिक’ हा शब्द दिला. लोकांनी मान्य केलं नाही. जे इंधन प्रत्येक पेशीत ठासून भरलेलं आहे ते निरोप्याचं काम कसं करेल, हा आक्षेप होता, आणि तो वेडगळ नव्हता. वाद पुरता मिटला तो नव्वदच्या दशकात, या रिसेप्टरांची जनुकंच हाती आल्यावर. बर्नस्टॉक २०२० साली गेले.

रिसेप्टर किती आहेत?

ॲडेनोसिनचे चार, पी२एक्स कुळातले सात, पी२वाय कुळातले आठ. पाठ करायची गरज नाही. या पानावर चारच नावं लागतील: ए२ए, पी२वाय१२, पी२एक्स७ आणि पी२एक्स३.

युरिक ॲसिडसाठी डॉक्टरांनी प्युरिन कमी खायला सांगितलंय. मग कळण्याची भाकरी सोडल्यानं मेंदूला फायदा होईल का?

हा प्रश्न खास आपल्याकडचा, आणि दर हिवाळ्यात येतो. कळण्यात उडीद असतात आणि उडदात प्युरिन असतं, म्हणून लोक दोन टोकं जोडतात. प्युरिन तेच, गोष्ट वेगळी. खाल्लेलं प्युरिन आतडं आणि यकृत मोडतात, त्याचं युरिक ॲसिड होतं. ते साचलं तर सांधे धरतात. मेंदूतल्या पेशी आपलं एटीपी स्वतः बनवतात, त्यासाठी ताटातल्या उडदावर अवलंबून नसतात. गाउट असेल तर डॉक्टरांचं ऐका, मेंदूसाठी म्हणून भाकरी सोडू नका.

एक जोड सांगण्यासारखी आहे. ज्यांचं युरिक ॲसिड जरा वरच्या बाजूला असतं त्यांच्यात पार्किन्सन (कंपवात) कमी दिसतो, असं पाहणीत आढळलं होतं. म्हणून अमेरिकेत पार्किन्सनच्या सुरुवातीच्या रुग्णांना इनोसिन देऊन युरिक ॲसिड मुद्दाम वाढवून पाहिलं. २०२१ साली निकाल छापून आला: आजाराची चाल काही मंदावली नाही.

चहा प्यायला की झोप उडते, त्याचा याच्याशी काय संबंध?

अगदी थेट. आपण जागे असतो तसतसं मेंदूत ॲडेनोसिन साठत जातं आणि संध्याकाळपर्यंत डोळे जड होतात. कॅफीन हे ॲडेनोसिनसारखंच दिसणारं. ते त्याच्या रिसेप्टरवर जाऊन नुसतं बसतं, काम काही करत नाही. बसच्या सीटवर रुमाल टाकल्यासारखं. ॲडेनोसिन येतं, जागा अडलेली पाहून उभंच राहतं. थकवा गेलेला नसतो, फक्त कळत नसतो.

माझी अमळनेरची मावशी उपाशीपोटी रक्त तपासायला गेली की अकरा वाजेपर्यंत ‘डोकं दुखी ऱ्हायनं’ म्हणत बाकावर बसून राहते. शुगर कमी झाली असं तिचं म्हणणं. खरं कारण सकाळचे दोन चहा चुकलेले. रोज कॅफीन मिळालं की शरीर ॲडेनोसिनच्या बाजूनं तयारी वाढवून ठेवतं. मग एक दिवस चहा नसला की ॲडेनोसिनचा जोर एकदम जाणवतो, डोक्यातल्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि डोकं ठणकतं. डोकेदुखीच्या काही गोळ्यांत कॅफीन घातलेलं असतं, ते याचमुळे उपयोगी पडतं आणि याचमुळे त्या गोळ्यांची सवयही लागते.

पार्किन्सनवर या मार्गाचं औषध आहे म्हणतात. खरं आहे का?

खरं आहे, आणि मेंदूच्या आत जाऊन प्युरिन रिसेप्टर अडवण्याच्या हेतूनंच घडवलेलं आणि बाजारापर्यंत पोचलेलं हे ठळक औषध. नाव इस्ट्राडेफायलिन. जपाननं २०१३ साली आणि अमेरिकेनं २०१९ साली त्याला परवानगी दिली.

ते काय करतं ते ट्रॅक्टरवरून सांगते. हालचाल सुरू करणाऱ्या मेंदूच्या भागात डोपामिन नावाचं संदेशद्रव्य आणि ॲडेनोसिन शेजारी-शेजारी काम करतात, अगदी एकाच पेशीवर. तिथे ॲडेनोसिनचा ए२ए रिसेप्टर ब्रेक दाबतो आणि डोपामिन त्या ब्रेकवरचा पाय उचलतं. पार्किन्सनमध्ये डोपामिन बनवणाऱ्या पेशी मरत जातात, मग ब्रेक दाबलेलाच राहतो. माणूस उंबऱ्याशी येतो आणि पाय उचलत नाही. सदऱ्याचं एक बटण लावायला पाच मिनिटं जातात. लेव्होडोपा डोपामिन भरून काढतं. इस्ट्राडेफायलिन दुसऱ्या बाजूनं जाऊन ब्रेकच सैल करतं.

ते एकटं देत नाहीत. लेव्होडोपा सुरू असून काही वर्षांनी ज्यांना दोन गोळ्यांच्या मध्ये ‘ऑफ’ लागतो, म्हणजे गोळीचा असर उतरून अंग आखडतं, त्यांना ते जोडीला देतात. फायदा? दिवसातला ऑफचा वेळ साधारण तासाभरानं कमी, काही चाचण्यांत त्याहूनही थोडका, आणि काहींत तर नुसत्या दिखाऊ (आत औषध नसलेल्या) गोळीपेक्षा फरकच नाही. म्हणूनच युरोपच्या औषध संस्थेनं २०२१ साली त्याला नकार दिला. आखडून बसलेल्या माणसाला एक तास म्हणजे संध्याकाळी देवळापर्यंत जाऊन येणं असतं, त्यामुळे मी त्याला क्षुल्लक म्हणणार नाही. पण आजार थांबवणारं औषधही म्हणणार नाही. अंगाच्या नको त्या हालचाली वाढणं, चक्कर, बद्धकोष्ठता, झोप न लागणं, कधी भास होणं हे त्रास आहेत. आणि दिवसाला वीस किंवा त्याहून जास्त सिगारेटी ओढणाऱ्याच्या शरीरात हे औषध लवकर मोडतं.

मग भरपूर चहा-कॉफी प्यायली की पार्किन्सन होणारच नाही?

हवाईतल्या आठ हजारांवर जपानी-अमेरिकन पुरुषांवर तीस वर्षं नजर ठेवली, तेव्हा कॉफी पिणाऱ्यांत पार्किन्सन बराच कमी दिसला. हे २०००च्या सुमारास छापून आलं आणि तेव्हापासून फिरतंय. पण आजार झाल्यावर कॅफीन देऊन बघितलं तर? १२१ रुग्णांना सहा महिने दिवसातून दोनदा २०० मिलिग्रॅम कॅफीन किंवा दिखाऊ गोळी दिली. हालचालीत सुधारणा दिसली नाही. टपरीवरच्या कटिंगनं मेंदूचं संरक्षण होतं असं मी कोणाला सांगत नाही. साखर किती पोटात जाते ते मात्र विचारते.

लकवा झालेल्यांना क्लोपिडोग्रेल देतात, तेही याच प्रकारातलं?

हो. आणि गंमत अशी की आपल्या गावातल्या मेडिकलमधून प्युरिन रिसेप्टरवरचं हे औषध रोज विकलं जातं, आणि देणारा-घेणारा कोणीच त्याला त्या नावानं ओळखत नाही. प्लेटलेटच्या, म्हणजे रक्त गोठवायला लागणाऱ्या बारीक पेशींच्या, अंगावर पी२वाय१२ नावाचा रिसेप्टर असतो. रक्तवाहिनीला इजा झाली की एडीपी बाहेर पडतं, या रिसेप्टरवर बसतं आणि प्लेटलेट एकमेकींना चिकटून गुठळी होते. क्लोपिडोग्रेल तो रिसेप्टर कायमचा बाद करतं. औषध अमेरिकेत १९९७ साली आलं. ते ज्यावर काम करतं त्या रिसेप्टरचं जनुक सापडलं २००१ साली. कुलूप सापडायच्या आधी किल्ली बाजारात, असं औषधांच्या दुनियेत बऱ्याचदा होतं.

आमच्या आबांचं सांगते. डिसेंबरात शेतात भरीत पार्टी होती. आबा कपाशीच्या काड्यांच्या जाळावर वांगी भाजत होते. काडी पुढे सारताना उजव्या हातातून सुटली. परत उचलली, परत सुटली. कोणीतरी हसलं. तेवढ्यात त्यांचं तोंड वाकडं झालेलं माझ्या भावजयीनं पाहिलं, आणि वांगी तशीच जळत ठेवून आम्ही गाडी काढली. सीटी स्कॅनमध्ये गुठळीचा लकवा निघाला, रक्तस्रावाचा नाही. हा फरक स्कॅनशिवाय कळत नाही, आणि रक्तस्राव असेल तर ही गोळी उलट घात करते, म्हणून लकवा दिसला की घरात पडलेली ‘रक्त पातळ करायची गोळी’ तोंडात घालू नका. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं, तो वेळ पाठीला तेल चोळण्यात घालवू नका.

आबा सावरले. तीन महिन्यांनी दाढ दुखायला लागली. दात काढायच्या ठिकाणी सांगितलं, पातळ करायची गोळी बंद करून या. आबांनी बंद केली. दाढ निघाली. परत सुरू कधी करायची हे कोणी सांगितलं नाही, आणि आबांनी विचारलं नाही. पंधरा दिवसांनी मी सुट्टीला गेले, तेव्हा पट्टीतल्या गोळ्या मोजल्या आणि पोटात गोळा आला. काही झालं नाही हे नशीब. प्लेटलेटचं आयुष्य आठ-दहा दिवसांचं असतं. गोळी थांबवली की रोज नव्या, मोकळ्या रिसेप्टरच्या प्लेटलेट येत राहतात आणि आठवडाभरात संरक्षण जवळजवळ संपतं. साधी दाढ काढायला बहुतेक वेळा ही गोळी थांबवावी लागतच नाही. थांबवायचीच तर लिहून देणाऱ्या डॉक्टरांना विचारून, आणि परत सुरू करायची तारीख कागदावर घेऊन.

क्लोपिडोग्रेलसोबत ॲसिडिटीची गोळी चालते का?

कुठली, ते बघावं लागतं. क्लोपिडोग्रेल जसं गिळतो तसं कामाचं नसतं. यकृतातलं एक एन्झाइम त्याला कामाचं रूप देतं. ओमेप्राझोल आणि एसोमेप्राझोल त्याच एन्झाइमला अडवतात, म्हणून त्यांची जोडी टाळायला सांगतात. पॅन्टोप्राझोल त्या मानानं बरं. आपल्याकडे शेवभाजीच्या दुसऱ्या दिवशी मेडिकलवाल्याला नुसतं ‘ॲसिडिटीचं द्या’ म्हणायची रीत आहे. क्लोपिडोग्रेल सुरू असेल तर ते त्याला आधी सांगा. शिवाय काही लोकांमध्ये हे एन्झाइम जन्मतःच कमजोर असतं, आणि आशियाई लोकांत असे बरेच सापडतात. गोळी नियमित घेऊनही परत त्रास झाला तर डॉक्टर औषध बदलतात ते यासाठीही असू शकतं.

फिट येण्याशी ॲडेनोसिनचा काय संबंध?

फिट सुरू झाली की मेंदूत ॲडेनोसिन झपाट्यानं वाढतं आणि ती थांबवायला हातभार लावतं. घरचाच अग्निशामक म्हणा. मार किंवा जुन्या इजेचा व्रण असतो तिथे मात्र मज्जापेशींना साथ देणाऱ्या ॲस्ट्रोसाइट पेशी बदलतात आणि ॲडेनोसिन संपवणारं एन्झाइम जास्त बनवतात. आग लागते आणि टाकी रिकामी.

मग बाहेरून ॲडेनोसिनसारखं औषध का देत नाहीत? कारण तोच रिसेप्टर हृदयावरही आहे. फिट थांबवायला पुरेल एवढा डोस दिला तर नाडी मंदावते आणि बीपी पडतं. म्हणून संशोधक ॲडेनोसिन संपवणाऱ्या त्या एन्झाइमलाच मेंदूत अडवता येईल का, हे पाहताहेत.

रोजच्या कामाची गोष्ट: दम्यासाठी दिलं जाणारं थिओफायलिन हे कॅफीनचंच भावंड, ॲडेनोसिनला अडवणारं. रक्तात त्याचं प्रमाण वाढलं तर चांगल्या माणसालाही फिट येऊ शकते. आणि सिप्रोफ्लॉक्सासिन सोबत घेतलं की ते प्रमाण वाढतं. जुलाबासाठी स्वतःच्या मनानं सिप्रो घेणाऱ्या दम्याच्या रुग्णांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

अल्झायमर, डिप्रेशन यांवर काही येतंय का?

इथे पी२एक्स७ येतो. मेंदूत मायक्रोग्लिया नावाच्या राखणदार पेशी असतात. २००५ साली जिवंत उंदराच्या मेंदूत लेझरनं अगदी बारीक जखम करून पाहिली, तर आजूबाजूच्या मायक्रोग्लियांच्या फांद्या काही मिनिटांत तिकडे वळल्या. त्यांना बोलावणारं एटीपी होतं. थोडं एटीपी असेल तर राखणदार येऊन साफसफाई करतात. खूप एटीपी बराच वेळ सांडत राहिलं तर पी२एक्स७ उघडतो आणि तेच राखणदार दाह वाढवणारी द्रव्यं सोडू लागतात. अल्झायमर आणि काही प्रकारच्या डिप्रेशनमध्ये असा धुमसता दाह असतो, तो इथे अडवता येईल का, हा प्रश्न आहे. मेंदूत पोचणारी पी२एक्स७विरोधी औषधं बनली आहेत, माणसांवर चाचण्याही झाल्या आहेत. मंजूर झालेलं एकही नाही. कोणी ‘मेंदूची सूज उतरवणारं प्युरिनचं औषध’ विकत असेल तर त्याला दारातूनच परत पाठवा.

उंदरांवर चालतं, मग माणसांवर का अडतं?

पी२एक्स७चंच उदाहरण घ्या. माणसाचा आणि उंदराचा रिसेप्टर सारखा दिसतो, पण काही औषधं एकाला अडवतात आणि दुसऱ्याला शिवतही नाहीत. संधिवातात तर या रिसेप्टरविरुद्धची दोन औषधं माणसांवर वाया गेली, कागदावर सगळं जुळत असताना. दुसरं, रक्तातून मेंदूत शिरायची वेस फार कडक आहे. आणि तिसरं मला सर्वांत अवघड वाटतं: लकवा झाल्यावर पहिल्या काही तासांत जो रिसेप्टर नुकसान करतो, तोच पुढे आठवड्याभरानं दुरुस्तीला लागत असेल, तर औषध कधी द्यायचं आणि कधी थांबवायचं?

चवीचंही उदाहरण आहे. पी२एक्स३ अडवणारं गेफापिक्संट जुन्या खोकल्यासाठी निघालं. तो मज्जातंतूंचा प्रश्न, मेंदूचा नव्हे. जपाननं २०२२ साली आणि युरोपनं २०२३ साली मंजूर केलं, अमेरिकेनं नाकारलं. चाचण्यांत निम्म्याहून जास्त लोकांची चव बिघडली, कारण जिभेवरून चव वाहून नेणाऱ्या मज्जातंतूंवरही तोच रिसेप्टर असतो. खोकला गेला आणि काळ्या मसाल्याची चवही गेली, तर खान्देशात ती गोळी दुसऱ्या दिवशी कोण घेईल?

ऑटिझमवर सुरामिन नावाचं इंजेक्शन आहे, खरं का?

सुरामिन हे शंभर वर्षं जुनं औषध, आफ्रिकेतल्या निद्रारोगावरचं. ते प्युरिन रिसेप्टरही अडवतं. २०१७ साली अमेरिकेत दहा मुलांवर छोटी चाचणी झाली. त्यातल्या पाचांना एकच डोस मिळाला, त्यांच्यात काही काळ सुधारणा दिसली. पाच मुलांवरून उपचार ठरत नाही. त्यात हे औषध मूत्रपिंडांना आणि मज्जातंतूंना इजा करू शकतं. पालकांची घालमेल मी समजू शकते, पण हे इंजेक्शन कोणी खासगीत देतो म्हणाला तर मुलाला घेऊन जाऊ नका.

एटीपीच्या कॅप्सूल घेतल्या तर मेंदूला ताकद मिळेल?

नाही. पोटात आणि आतड्यातच ते मोडतं.

माझं एटीपी किंवा ॲडेनोसिन किती आहे, हे रक्तातून तपासता येईल का? ‘एनर्जी लेव्हल’ची टेस्ट घरी येऊन करतात.

मेंदूतल्या पेशींबाहेर काय चाललंय ते दंडातल्या रक्तातून कळत नाही. आणि रक्तात बाहेर आलेलं एटीपी बघता बघता मोडतं. उलट बाटली हिंदकळली, लाल पेशी फुटल्या, की त्यांच्यातलं एटीपी सांडून आकडा वाढतो. तुमच्या दारातून मोटारसायकलवर लॅबपर्यंत गेलेल्या त्या नमुन्यातून फार तर वाटेत खड्डे किती होते तेवढं कळेल.